झील कुणी धरली

१

नोकरी संपल्यावर मी बारामतीतल्या आमच्या घराच्या माडीवर गाणी ऐकायची खोली करून घेतली. सगळा जन्म गुरांच्या डॉक्टरकीत गेला. गोठ्यात, चिखलात, कुणाच्या तरी अडलेल्या म्हशीपाशी. आता स्वच्छ हातांनी निवांत बसून ऐकायचं, एवढीच हौस राहिली होती. भिंतींना जाड पडदे, खाली सतरंजी, समोर दोन उभे स्पीकर आणि मधोमध एक वेताची खुर्ची. दुपारचं जेवण झालं की मी वर जायचो आणि आधी खिडक्या लावून घ्यायचो. गळिताचा हंगाम सुरू होता. उसाच्या ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर मोठमोठ्यानं गाणी वाजवत दारावरून जायचे.

दिवाळीनंतर माझा जुना सीडी प्लेअर अडखळायला लागला. सीडी आत घ्यायचा, थोडी फिरवायचा आणि परत बाहेर ढकलायचा.

"अहो, आता सगळं फोनवर मिळतं," संजीवनी म्हणाली. संजीवनी माझी बायको. "कशाला पाहिजे नवा डबा?"

"आबांची सीडी फोनवर मिळत नाही."

ती उठून आत गेली.

आबा म्हणजे माझे वडील, आबाजी. आमचं घर मेंढ्यांवाल्यांचं. मी शिकलो, नोकरीला लागलो, तरी आबा आणि त्यांचे दोन भाऊ, गेणबाकाका आणि भिमाकाका, कळप घेऊन फिरायचे. कळप होता त्या शेवटच्या वर्षी काटेवाडीच्या पुढं एका रानात मेंढ्या बसवल्या होत्या. तिथं पुण्याच्या एक अभ्यासक बाई आल्या. त्यांनी चांगला माइक लावून आबांच्या ओव्या रेकॉर्ड केल्या आणि पुढं एक सीडी पाठवून दिली. मी त्या दिवशी तिथं होतो. जाळीच्या वाघरीत मेंढ्या, बाहेर अंथरलेली घोंगडी, त्यावर आबा आणि दोघं काका. आबांनी ओळ टाकायची आणि मागं बसलेल्या काकांनी ती उचलून लांबवायची. ह्यालाच झील धरणं म्हणतात. नंतर कळप विकला. एकेक करून तिघंही गेले. राहिली ती सीडी.

आबांचा आवाज तसाच्या तसा ऐकायचा, तर प्लेअरही तसाच पाहिजे, असं मी ठरवलं. शेवटची खरेदी म्हणून का होईना, चांगलीच करायची.

२

गावात विजयसिंह नावाच्या माणसाचं दुकान आहे. घरी उसाची शेती आहे, पण जीव सगळा ॲम्प्लिफायरमध्ये. चहा पाजल्याशिवाय तो बोलायला सुरुवात करत नाही.

"डॉक्टरसाहेब, दुकानात ऐकून कुणी मशीन घेऊ नये," तो म्हणाला. "तुमची खोली वेगळी, तुमचा कान वेगळा. मी तीन देतो. एकेक घरी लावा, तुमची जी आवडती सीडी असेल ती ऐका, मग सांगा. पहिलं साधं आहे. दुसरं त्याच्याहून चांगलं. तिसरं म्हणजे..." त्यानं दोन्ही हात छातीशी धरून काहीतरी जड उचलल्यासारखं केलं. "त्याचे दोन डबे आहेत. एक सीडी फिरवतो, दुसरा त्यातून आवाज बनवतो. ते ऐकल्यावर माणसं दुकानात रडलीत."

"एवढा काय फरक पडतो?"

"चांगलं मशीन स्वतःचं काही घालत नाही, डॉक्टरसाहेब. आत असतं तेच बाहेर काढतं."

पहिलं मशीन मी स्वतःच गाडीत घालून आणलं. काळं, चपटं, जपानी. त्या दुपारी आबांची सीडी लावली आणि मला खरंच भरून आलं. जुन्या मशीनवर आबा स्पीकरमधून गायचे. ह्या मशीनवर ते स्पीकरच्या मागं, पडद्याच्या जरा पुढं बसून गायले. डावीकडं गेणबाकाका, उजवीकडं भिमाकाका. मध्येच एखाद्या मेंढीच्या गळ्यातली घंटी. लांब कुठंतरी कुत्रं भुंकलं. आबांनी ओळीच्या आधी घसा साफ केला, तो आवाजही मला पहिल्यांदाच ऐकू आला. मी खुर्चीत बसलो होतो, पण नाकात लेंड्यांचा आणि ओल्या घोंगडीचा वास आला.

संजीवनी चहा घेऊन वर आली, तर मी डोळे पुसत होतो. "हेच घ्या मग," ती म्हणाली.

घेतलं असतं तर बरं झालं असतं. पण चांगल्याच्या पुढं आणखी चांगलं आहे, हे एकदा कळलं की माणूस थांबत नाही.

३

दुसरं मशीन विजयसिंहानं स्वतः आणून जोडलं. ते जडशीळ होतं. त्यात सीडीचं झाकण बंद होताना कपाटाचं दार लागल्यासारखा मऊ आवाज यायचा. तो गेल्यावर मी खिडक्या लावल्या आणि बसलो.

पहिल्या काही ओळी मी नुसता जागा बघत होतो. आबा कुठं, काका कुठं. मधली शांतता तर इतकी खोल होती की तिच्यात रानाचं अंतर कळावं. मग झील आली. गेणबाकाका, भिमाकाका. आणि त्या दोघांच्या मागं, जरा उंचावर, आणखी एक आवाज.

मी रिमोट उचलला, परत लावलं. परत तेच. बाईचा आवाज होता. ओळ संपवताना ती शेवटचं अक्षर जरा वर उचलायची, भरलेली घागर डोक्यावर घेतल्यासारखं. ही उचल मी ओळखतो. माझी आई, म्हाळसा, जात्यावर असंच गायची. तिला जाऊनही आता काही वर्षं झाली.

मी स्वतःला समजावलं. चांगल्या मशीनवर जुन्या सीडीत नव्या गोष्टी ऐकू येतात, ह्यात नवल काही नाही. पानं उलटल्याचा, खुर्ची करकरल्याचा आवाज लोकांना ऐकू येतो. आई त्या दिवशी चुलीपाशी असणार आणि तिथूनच तिनं सूर मिसळला असणार. माझ्या लक्षात राहिलं नसेल, इतकंच. बायकांनी ओव्यांच्या बैठकीत गायचं नाही, असा आबांचा दंडक होता. पण चुलीपाशी कोण कुणाला अडवतं?

तरीही मी आक्काला फोन लावला. आक्का माझी थोरली बहीण. ती बावड्याला दिली आहे.

"आक्का, काटेवाडीच्या रानात आबांच्या ओव्या रेकॉर्ड केल्या, त्या दिवशी आई कुठं होती गं?"

"आय? आय माझ्यापाशी हुती की. इंदापूरच्या दवाखान्यात. माझा ऋतिक झाला तवा." ती हसली. "तूच न्हाय का सांजच्याला मोटरसायकलवर आलास, आन म्हणलास, आबांचं गाणं पेटीत भरलं म्हणून? का रं?"

"काही नाही. सहज."

"आवाज का असा येतोय तुझा?"

मग मी तिला सांगितलं. तिनं सगळं दोनदा विचारून घेतलं. नंतर म्हणाली, "मी ऐतवारी येते. तवर ते मशीन दिऊ नगंस."

४

आक्काचं नाव नकोशी. आबांना मुलगा हवा होता, झाली ती. म्हणून हे नाव. तिच्यानंतर मी झालो, तेव्हा नाव फळाला आलं असं सगळे म्हणाले. आबांच्या ओव्या आमच्या घरात तिच्याइतक्या कुणालाच पाठ नव्हत्या. लहानपणी आबा गायला बसले की ती वाघरीच्या पलीकडं, मेंढ्यांत जाऊन उभी राहायची आणि तिथून बारीक आवाजात झील धरायची. मला ऐकू यायची. आबांनाही येत असणार. एकदा ते गाणं थांबवून म्हणाले होते, "मधी मधी कोण किरकिरतंय?" आक्का त्यानंतर मेंढ्यांच्याही मागं गेली.

रविवारी ती एसटीनं इंदापूरला आणि तिथून गाडी बदलून बारामतीला आली. पदराला पुसत पुसत चष्मा लावला, वेताच्या खुर्चीत पाय वर घेऊन बसली. संजीवनीही बसली. मी सीडी लावली.

झील आली तशी आक्काची मान वर झाली.

"व्हय," ती म्हणाली. "आयच हाय."

"मला तर दोनच माणसं ऐकू येतायत, वन्सं," संजीवनी म्हणाली. "दोघं काका."

"त्येंच्या मागं बघ. वाईच उजव्या अंगाला."

संजीवनीनं डोळे मिटून ऐकलं, मग माझ्याकडं बघून हळूच मान हलवली. तिला काही ऐकू येत नव्हतं. पण आक्का रडत होती, आणि ते रडणं दुःखाचं नव्हतं. माहेरी आल्यावर उंबऱ्यात बाया रडतात तसलं होतं.

"आबांनी बसू दिलं म्हणायचं तिला," ती म्हणाली.

मी म्हणालो, "आक्का, सीडीवर जे आहे ते छापलेलं असतं. त्यात मागाहून कुणी येऊन बसू शकत नाही."

"मग आय कशी आली?"

मी रिमोट खाली ठेवला. आक्कानं पदरानं नाक पुसलं आणि विचारलं, "त्याच्याहून चांगलं मशीन हाय म्हणलास ना? ते आणलं तर?"

५

तिसरं मशीन मी आणायला नको होतं, हे मला तेव्हाही कळत होतं. पण मलाही आबांचा आवाज त्याच्यावर ऐकायचा होता. खोटं कशाला सांगू? आक्का आमच्याकडंच राहिली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी विजयसिंह ते दोन डबे घेऊन आला. केबल जोडून झाल्यावर त्याला थांबायचं होतं. मी त्याला चहा पाजून वाटेला लावलं.

संजीवनी भाजी आणायला मंडईत गेली होती. खोलीत आम्ही दोघंच होतो.

सुरुवातीला काहीच ऐकू आलं नाही, आणि त्या काही न ऐकू येण्यातच सगळं होतं. वारा. वाघरीची जाळी हलल्याची कुजबुज. कुणीतरी तंबाखू मळून हातावर हात आपटला. खोलीला भिंतीच राहिल्या नाहीत. मी पडद्याकडं बघत होतो, आणि तरी मला कळत होतं की माझ्या पाठीमागंसुद्धा रान आहे, लांबपर्यंत.

आबांनी ओळ टाकली. गेणबाकाका, भिमाकाका, आई. आबांनी दुसरी ओळ टाकली आणि मध्येच थांबले. ह्या जागी ते कधी थांबत नाहीत. ही सीडी मी इतक्या वेळा ऐकली आहे की मला श्वासन्श्वास पाठ आहे.

घसा साफ केल्याचा आवाज आला. मग आबा म्हणाले, अगदी साध्या बोलण्याच्या आवाजात, "नकोशे, धर की."

आणि झिलेत एक आवाज आला. बारीक, जरा थरथरता, पण सुराला घट्ट. आक्काचा. लहानपणीचा नाही, तर आत्ताचा, साठी ओलांडलेल्या बाईचा, पुढचे दोन दात नसल्यामुळं सकार जरा सांडणारा.

मी आक्काकडं बघितलं. ती तोंडावर हात ठेवून बसली होती.

मी उठून बटण दाबलं. खोली एकदम लहान झाली. बाहेर एक ट्रॅक्टर गाणं वाजवत गेला, आणि तो भसाडा आवाज मला इतका प्रेमाचा वाटला की सांगता येत नाही.

"बंद का केलंस?" आक्का म्हणाली.

"आक्का, ह्यात आई आहे. काका आहेत. आबा आहेत. ह्यातलं आता कुणीही..." मी तिच्याकडं बोट केलं. "आणि तू आहेस."

"व्हय, ऐकलं मी."

"तुला भीती नाही वाटत?"

"भ्या कशाचं? आपलीच माणसं हायती." ती माझ्याकडं बघत होती, पण तिचं लक्ष स्पीकरकडं होतं. "महिपती, सबंध जन्मात त्यांनी मला एकदा तरी बोलावलं का रं? आज बोलावलं. आन तू बटण दाबलंस."

मी तिच्या पाया पडायचा बाकी राहिलो. म्हणालो, हे मशीन मला घरात नको. आजच परत देतो. पाहिजे तर माझ्यावर राग धर.

तिनं चष्मा काढून पदराला पुसला. मग म्हणाली, "तुझं घर हाय. तुला नगं तर नगं. पण एकडाव मला एकटीला ऐकू दे. पुरतं. मग दे."

नाही म्हणायला पाहिजे होतं. पण ज्या बाईला जन्मभर नाही म्हटलं गेलं, तिला पुन्हा तेच म्हणायला माझं तोंड उघडलं नाही.

६

मी खाली येऊन ओट्याशी उभा राहिलो. संजीवनी मंडईतून आली होती आणि गवार निवडत बसली होती. वरून आबांचा आवाज जिना उतरून येत होता. दार लावलेलं असूनही ओळ न ओळ कळत होती.

"आज मलाही छान ऐकू येतंय," संजीवनी म्हणाली. "पाच माणसं आहेत ना?"

मी जिन्याकडं बघितलं.

तेवढ्यात लाइट गेली. फ्रिजची घरघर थांबली, कोपऱ्यात इन्व्हर्टर टिकटिकला आणि स्वयंपाकघरातला पंखा परत फिरू लागला. इन्व्हर्टरची जोड फक्त खालीच आहे. माडीला नाही.

वर झील चालूच होती.

संजीवनीचा हात गवारीवर थांबला. आम्ही एकमेकांकडं बघितलं आणि मी जिना चढायला लागलो. जसजसा वर जात होतो, तसतसा आवाज मोठा होत नव्हता. तो रुंद होत होता. शेवटच्या पायरीवर मला पायाखाली ढेकळं असल्यासारखं वाटलं.

दार ढकललं. पडद्यांमुळं खोलीत अंधार होता. दोन्ही डब्यांवरचे निळे दिवे विझलेले होते. आक्का खुर्चीत नव्हती. ती खाली सतरंजीवर मांडी घालून बसली होती, माझ्याकडं पाठ करून. मी बाजूनं तिचा चेहरा बघितला. तिचे ओठ मिटलेले होते. आणि तिचा आवाज तिच्यापासून हातभर पुढं, बाकीच्यांच्यात, मोकळा गात होता.

दाराच्या फटीतून थोडा उजेड सतरंजीवर पडला होता. त्या उजेडाच्या कडेला काहीतरी हललं. घोंगडीचा काठ असावा. कुणीतरी बसल्या जागी जरा सरकलं, शेजारच्याला जागा करून द्यावी तसं. आणि आक्का बसल्या बसल्याच त्या जागेकडं पुढं झाली.

मी ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही. लाइट आली. दिवे निळे झाले, मशीननं आतली सीडी चाचपली आणि ते गप्प राहिलं. खोलीत आक्का, मी आणि दारात संजीवनी, एवढेच होतो. सतरंजी रिकामी होती.

आक्कानं माझ्याकडं वळून बघितलं. इतका निवलेला चेहरा मी तिचा कधी बघितला नव्हता. तिनं काहीतरी सांगायला तोंड उघडलं.

आवाज आला नाही.

७

ह्याला आता वर्ष होत आलं. बारामतीत दाखवलं, पुण्याला नेलं. डॉक्टर घशात दुर्बीण घालून बघतात आणि म्हणतात, सगळं जागच्या जागी आहे, सूजसुद्धा नाही. धक्का बसला असेल, येईल परत. तिची तब्येत उत्तम आहे. बावड्याला शेतात जाते, शेरडांना पाला टाकते, नातवंडांना डोळ्यांनी दटावते. ऋतिक म्हणतो, मामा, आईला दुःख काही नाही, फक्त ती बोलत नाही.

तिसरं मशीन मी त्याच संध्याकाळी परत पाठवलं, पाठोपाठ दुसरंही. पहिलंच ठेवलं, ते साधं, काळं, जपानी. त्याच्यावर आई ऐकू येत नाही. आबांचं ते बोलावणंही येत नाही. पण आक्काचा आवाज येतो. स्वच्छ, दोन काकांच्या मधोमध, मधे काहीच आड नसल्यासारखा. गाडीतल्या प्लेअरवरही येतो. सगळ्यांना येतो. विजयसिंह घरी आला होता, त्यानं ऐकून विचारलं, "डॉक्टरसाहेब, ह्या बाई कोण? काय गळा आहे!"

"माझी बहीण," मी सांगितलं.

"अजून गातात?"

"हो," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

रविवारी आक्का आली की मी सीडी लावतो. ती खुर्चीत बसत नाही, खाली बसते. स्वतःचा आवाज आला की लेकीचं कौतुक ऐकावं तशी हसते. एकदा मी तिला विचारलं, "आक्का, परत पाहिजे का गं तो?" तिनं जरा विचार केला आणि मान हलवली. नको. मग हात पुढं करून माझ्या गुडघ्यावर ठेवला आणि स्पीकरकडं बोट केलं. बराच वेळ ते तसंच धरून ठेवलं. मी तिकडं न बघता खिडकीकडं बघत राहिलो.

आबांच्या ओव्या मलाही येतात. लहानपणापासून येतात. त्यांनी ओळ टाकली की पुढची छातीतून आपोआप वर येते, गळ्यापर्यंत येते, आणि ती सोडून द्यावी असं इतकं वाटतं, इतकं वाटतं, की डोळ्यांत पाणी उभं राहतं.

मी ओठ घट्ट मिटून बसतो.